विंचू, साप आणि सामाईक निधी : गरिबांच्या रोगांवरील संशोधनाचा खर्च कोणी उचलावा?



जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे एक लहान खेडे आहे. या खेड्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात १९५१ साली जन्मलेला एक मुलगा पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. १९७६ साली त्याची नेमणूक कोकणात, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. हेच डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावरील त्यांच्या संशोधनाची दखल जगभरच्या वैद्यकशास्त्राने घेतली आणि २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आपल्या जिल्ह्याच्या या सुपुत्राचे नाव अनेकांनी ऐकले असेल. परंतु त्यांच्या कार्यामागे दडलेला एक प्रश्न फारसा चर्चिला जात नाही. उष्ण प्रदेशातील गरिबांना होणाऱ्या रोगांवर संशोधन करावयाचे, तर त्याचा खर्च कोणी उचलावा? एकटा डॉक्टर कोठवर जाऊ शकतो आणि अनेक देशांनी व संस्थांनी मिळून उभारलेला निधी कोठून पुढे आवश्यक ठरतो? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणार आहोत.

बिरवाडीतील निरीक्षण

कोकणात आढळणारा लाल विंचू हा भारतातील सर्वांत घातक विंचू होय. त्याचा दंश झाल्यावर रुग्णाला, विशेषतः लहान मुलांना, काही वेळातच दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय थंडगार पडतात. पुढे हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते, श्वास अडतो आणि मृत्यू ओढवतो. डॉ. बावस्कर बिरवाडीला रुजू झाले तेव्हा या रुग्णांसाठी खात्रीचा असा उपचार उपलब्ध नव्हता. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असत.

त्यांच्याजवळ सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, त्वचेचे तापमान यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. दंशानंतर कोणती लक्षणे आधी दिसतात आणि कोणती लक्षणे हृदय धोक्यात आल्याची पूर्वसूचना देतात, हे त्यांनी या नोंदींवरून उलगडले. लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १९८२ साली त्यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध केला.

विंचवाच्या विषाने असे काय होते, हे थोडक्यात समजून घेऊ. या विषामुळे शरीरातील मज्जातंतू अनावरपणे उद्दीपित होतात आणि रक्तात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा जणू पूर येतो. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना हृदय थकून जाते. रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ असा जो संदेश मिळतो, तो अडविणारी प्राझोसिन नावाची एक गोळी त्या काळी उच्च रक्तदाबासाठी वापरली जात होती. हीच साधी, स्वस्त गोळी विंचूदंशाच्या रुग्णांना द्यावी, असा विचार डॉ. बावस्कर यांनी केला. १९८६ साली त्यांचे याविषयीचे निष्कर्ष पुन्हा ‘द लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण अगदी थोडक्या टक्क्यांवर आले.

एकट्याची मर्यादा

ही कथा येथेच संपविली, तर असा समज होईल की निष्ठावान माणूस असला म्हणजे पुरे, पैशाचे काय मोठेसे! हा समज चुकीचा आहे. प्राझोसिन ही गोळी आधीपासून अस्तित्वात होती. ती शोधण्याचा, तिची सुरक्षितता तपासण्याचा आणि कारखान्यात ती तयार करण्याचा खर्च श्रीमंत देशांतील रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आधीच होऊन गेला होता. खेड्यातील डॉक्टरने तिचा नवा उपयोग शोधून काढला. पण मुळात औषधच नसते तर?

विंचवाच्या विषावर थेट मारा करणारे प्रतिविष हवे असेल, तर विंचू गोळा करावे लागतात, त्यांचे विष काढावे लागते, ते अल्प प्रमाणात घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वेगळी करावी लागतात आणि ती शुद्ध करावी लागतात. हे काम आरोग्य केंद्रात होण्यासारखे नाही. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध महामंडळाने असे प्रतिविष तयार केले. त्यानंतर महाड येथे ७० रुग्णांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. प्राझोसिन व प्रतिविष अशी दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात पूर्ण बरे झालेल्यांची संख्या ८ होती.

वाचकांनी येथे वर्षांकडे लक्ष द्यावे. गोळीचा निबंध १९८६ चा आणि प्रतिविषाच्या चाचणीचा निबंध २०११ चा. मध्ये पंचवीस वर्षांचा काळ गेला. ज्या रोगाचे रुग्ण शेतमजूर आणि त्यांची मुले असतात, त्या रोगाचे संशोधन अशा संथ गतीने चालते, असा जगभरचा अनुभव आहे.

पैसा कोठे जातो?

आरोग्य संशोधनाचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली आपला अहवाल सादर केला. आरोग्य संशोधनावर जगात होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ५ टक्केच खर्च विकसनशील देशांच्या आरोग्यप्रश्नांवर होतो, आणि टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंचा ९३ टक्के भार मात्र याच देशांवर पडतो, असे त्यात दाखवून दिले होते. पुढे २००२ साली आणखी एक हिशेब प्रसिद्ध झाला. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारात १३९३ नवी औषधे आली. त्यांपैकी उष्ण प्रदेशातील रोग आणि क्षयरोग या दोहोंसाठी मिळून केवळ १६ होती.

याचे कारण कोणाच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. औषध कंपनी आपला खर्च विक्रीतून भरून काढते. मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षे औषध विकत घेतो. सर्पदंश झालेला कापूस वेचणारा मजूर आयुष्यात एकदा औषध घेतो आणि तेही सरकारी दवाखान्यात. बाजाराच्या हिशेबात हा रुग्ण बसत नाही. म्हणून त्याच्यासाठीचे संशोधन बाजारावर सोडून चालत नाही. त्यासाठी सरकारांनी, विद्यापीठांनी आणि दानधर्म करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन सामाईक निधी उभारावा लागतो.

सामाईक निधीने काय साधते : कुष्ठरोगाचे उदाहरण

असा निधी उभा राहिला तर काय घडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. महाराष्ट्राचा आणि ख्रिस्ती समाजाचाही या उदाहरणाशी जवळचा संबंध आहे.

कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध १९४० च्या दशकापासून वापरात आले. वर्धा येथे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने गावोगाव पाहणी, शिक्षण आणि घराजवळ उपचार अशी पद्धत रुजविली. परंतु १९६० च्या दशकात काही रुग्णांमधील जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. नवे औषध हवे होते आणि त्याची चाचणी अवघड होती, कारण कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेतील बशीत वाढत नाहीत. ते उंदराच्या तळपायात वाढविता येतात, आणि तेही अनेक महिन्यांच्या कालावधीत. असे संथ आणि खर्चिक काम कोणती कंपनी आपण होऊन करील?

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली उष्ण प्रदेशातील रोगांच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी एक विशेष कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘टीडीआर’ या नावाने ओळखला जातो. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, जागतिक बँक आणि पुढे युनिसेफ हेही त्यात सहभागी झाले. या कार्यक्रमांतर्गत कुष्ठरोगावरील औषधांच्या चाचण्या आफ्रिकेतील माली देशाची राजधानी बामाको येथे आणि आपल्या देशात तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे एकाच पद्धतीने घेण्यात आल्या. एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशात पडताळता आले. एकट्या देशाच्या पैशातून हे घडणे कठीण होते.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. यांपैकी क्लोफाझिमिन हे औषध आयर्लंडमधील डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने १९५० च्या दशकात तयार केले होते. त्यांचा मूळ हेतू क्षयरोगावर औषध शोधण्याचा होता. हाती आलेले औषध कुष्ठरोगावर अधिक गुणकारी ठरले आणि अलीकडच्या काळात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारांतही ते वापरले जाऊ लागले आहे. संशोधनाला दिलेला पैसा कोठे फळेल, हे आधी सांगता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

बहुऔषधी उपचार सुरू झालेल्या भारतातील पहिल्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. १९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या आणि २००० पासून नोव्हार्टिस कंपनीच्या देणगीतून ही औषधे जगभर मोफत मिळू लागली. डिसेंबर २००५ मध्ये भारतातील कुष्ठरुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. अर्थात काम संपलेले नाही. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच असतात.

फ्रान्सचे राऊल फॉलेरो यांनी १९५४ साली जागतिक कुष्ठरोग दिन सुरू केला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अनेक देशांतील चर्चमध्ये या कार्यासाठी दान गोळा होऊ लागले. मोलोकाईचे संत डेमियन यांचे नाव धारण करणारे बेल्जियमचे डेमियन फाउंडेशन आणि जर्मनीतील कुष्ठरोग साहाय्य संस्था यांनी सामान्य माणसांच्या अशा छोट्या देणग्यांतून रुग्णसेवेबरोबर संशोधनालाही हातभार लावला. सामाईक निधीत धनाढ्यांचीच थैली असते असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

साप : आज अडलेले काम

आता आपल्या शेतशिवाराकडे वळू. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला सापाची भीती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यातील निंदणी, रात्रीचे पाणी देणे, कडब्याची गंजी, अंगणातील झोप या प्रत्येक ठिकाणी हा धोका असतो.

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात? रुग्णालयांच्या नोंदींवरून याचे खरे उत्तर मिळत नसे, कारण पुष्कळ रुग्ण घरी किंवा वाटेतच प्राण सोडतात. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांच्या सहकार्याने घरोघर जाऊन मृत्यूंची कारणे नोंदविण्याचा मोठा अभ्यास हाती घेतला. त्याच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडले. जोवर मोजणी नव्हती, तोवर हा प्रश्न लहान वाटत होता, आणि लहान वाटणाऱ्या प्रश्नाला निधी मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा उपेक्षित उष्णप्रदेशीय रोगांच्या यादीत समावेश केला. २०१९ साली ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने सर्पदंशावरील संशोधनासाठी ८ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. विंचूदंशाला मात्र जागतिक संघटनेच्या त्या यादीत आजही स्वतंत्र स्थान नाही.

या निधीतून करावयाचे काम कोणते? आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. त्यासाठी लागणारे बहुतांश विष तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, असे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले आहे. तमिळनाडूतील घोणसाच्या विषापासून बनविलेले औषध मराठवाड्यातील घोणसाच्या विषावर किती प्रभावी ठरते, हे ठिकठिकाणचे विष आणि ठिकठिकाणचे रुग्ण अभ्यासूनच कळेल. त्यासाठी साप जाणणारे लोक, विषाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा, औषध बनविणारा कारखाना आणि तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर यांची साखळी हवी. एक कडी जरी निखळली, तरी बाकीचा खर्च वाया जातो.

दरम्यान वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून, १०८ क्रमांकावर संपर्क साधून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. विंचूदंशानंतर घाम, उलट्या आणि थंड हातपाय दिसू लागले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये.

सहकार्य न्याय्य केव्हा ठरते?

सहकार्य हा शब्द गोड आहे, पण त्यातही कमीजास्तपणा असतो. आपला जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यात सिकंदराबादजवळच्या बेगमपेठ येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. लंडनमधील पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी ते सतत पत्रव्यवहार करीत असत आणि त्या सल्ल्याचा त्यांना मोठा आधार होता. ज्याच्या रक्तावर ते डास पोसले गेले, तो हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण होता. एका डासाच्या चाव्यामागे त्याला एक आणा मिळे. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तेव्हा प्रथा नव्हती.

आज ती प्रथा हवी. संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व काही समजले पाहिजे, त्याला नकार देता आला पाहिजे आणि चाचणीतून निघालेले औषध त्याच्या गावापर्यंत पोहोचले पाहिजे. कोणता प्रश्न अभ्यासावा, हे केवळ पैसा देणाऱ्याने ठरवू नये. ‘डीएनडीआय’ ही उपेक्षित रोगांवरील औषधांसाठीची संस्था २००३ साली स्थापन झाली, तेव्हा सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या रकमेचा काही भाग या कार्यासाठी दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद तसेच ब्राझील, केनिया आणि मलेशिया येथील संस्था तिच्या संस्थापकांत होत्या. रुग्ण ज्या देशांत आहेत, त्या देशांना निर्णयात प्रथमपासून स्थान मिळाले, हे तिचे वैशिष्ट्य होय.

दुसरी अट सातत्याची. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण सारे जाणतो. त्याने जखमी वाटसरूसाठी धर्मशाळेच्या चालकाला दोन नाणी दिली आणि अधिक खर्च आला तर परतताना तो भरून देण्याचे वचनही दिले. या वचनाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. संशोधनाला अशा वचनाची फार गरज असते. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएआयडी ही साहाय्यसंस्था बंद झाली आणि तिच्या पैशावर उभे असलेले अनेक देशांतील उपेक्षित रोगांचे कार्यक्रम अडचणीत आले. एकाच दात्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ पासून चालविलेल्या संयुक्त योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यातील १५०० कोटी रुपयांपैकी १००० कोटी भारताचे आहेत. ही योजना केवळ उष्ण प्रदेशातील रोगांसाठी नाही, तथापि मोठा वाटा आपला असला म्हणजे प्रश्न निवडण्याचा अधिकारही आपल्याकडे राहतो.

आपण काय करू शकतो?

२०२४ साली जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देहेडच्या मुलाला शिकण्यासाठी नागपूर गाठावे लागले होते. आता जिल्ह्यातच शिकणारे विद्यार्थी भोकरदन, अंबड, परतूर, मंठा येथील रुग्णांच्या नोंदी ठेवू शकतील. या नोंदी मुंबई-बंगळुरूच्या प्रयोगशाळांशी जोडण्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. त्यासाठी मागणी मात्र लागते. लोकप्रतिनिधींना रस्ते आणि पाणी मागताना तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविष आहे काय, दंशाच्या रुग्णांची नोंद होते काय, हेही विचारावयास हवे.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे की, घरातील किंवा शेजारील दंशाचा रुग्ण दवाखान्यात नोंदविल्याशिवाय राहू नये. मृत्यू झाल्यास त्याचे खरे कारण लिहिले जाईल असे पाहावे, कारण मोजला न गेलेला मृत्यू कोणत्याही निधीच्या हिशेबात येत नाही. आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कुष्ठरोग्यांसाठी दानाची पेटी समोर आली, तर त्या नाण्यांतून आजची मलमपट्टी आणि उद्याचे औषध अशी दोन्ही कामे होत असतात, याची आठवण ठेवावी.